खोलीत कोणी नव्हतं

मंगळवारी सकाळी चाऱ्याची पाटी कमरेवर घेऊन ती खांद्यानं मेंढ्यांच्या खोलीचं दार ढकलत होती, तेवढ्यात काडीनं मागून विचारलं, "मावशी, गेल्या महिन्यात तुम्ही नऊ दिवस नव्हता ना?" एवढंच विचारलं, पण पाटी कमरेवरून घसरली आणि निम्मा चारा उंबऱ्यावर सांडला. अकरा वर्षांत आपल्या हातून चिमूटभर चारा वाया गेला नाही, हे ती नव्या येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सुनवायची. आणि आज या शेलाट्या माणसानं दोन शब्द काय उच्चारले, पाटी पालथी. "नव्हते," ती वाकून चारा गोळा करत म्हणाली. "पाय मुरगळला होता. अर्ज दिलाय, त्यावर सही झालीय. आता ते कशाला उकरून काढतोस?" काडी चष्मा पुसायला लागला. तो चष्मा पुसायला लागला की त्याला पुढचं वाक्य सापडत नाहीये हे ओळखावं. "तसं नाही हो. त्याच नऊ दिवसांत दोन मेंढ्यांचे आकडे बिघडलेत. आधीचे सगळे ठीक, नंतरचे ठीक, मधलेच दोन वर गेलेत. म्हणून विचारलं." "मग मेंढ्यांना विचार. मी नव्हतेच, तर मला काय ठाऊक?" असं म्हणून तिनं त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. पण आत गेल्यावर ती गव्हाणीपाशी गेली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली. मुरगळलेला पाय बरा होऊन महिना झाला होता, तो आत्ता ठणकायला लागला.

काडी हे नाव तिनंच ठेवलेलं. संस्थेत मेंढ्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली तो पाच वर्षं शिकत होता. तिशी उलटली तरी शिकतच होता, आणि अंगावर मांस काही चढत नव्हतं. ती स्वतः दुसरीपर्यंत गेलेली. आकडे वाचता यायचे, अक्षरं जोडून जोडून काढता यायची, पण त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. शिकलेल्यांना कोकरू आडवं आलंय हे मेंढीच्या डोळ्यांवरून कुठं कळतं? डॉक्टरबाईंना मात्र ती मानायची. पहिल्या वर्षी त्यांनी तिला शेजारी बसवून सगळं नीट समजावून दिलं होतं, घाई न करता. गाभण मेंढीच्या गळ्यात एक नळी, त्या नळीतून दुसराच वायू आत सोडायचा, म्हणजे श्वास भरपूर पण प्राणवायू थोडका. उंच डोंगरावर नेऊन ठेवल्यासारखं. दुसऱ्या महिन्यापासून थेट विण्याच्या दिवसांपर्यंत. पोटातल्या कोकराच्या रक्तवाहिनीतही एक केसासारखी नळी शिवलेली, ती मेंढीच्या कुशीतून बाहेर काढायची आणि चाचणीच्या दिवशी भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीत न्यायची. काडी तिकडे बसून रक्त ओढणार. भिंतीला काच नाही; कारण मेंढीला सुई दिसता कामा नये, माणूस दिसता कामा नये. रक्तात बघायचं ते मुख्यतः एकच, त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. जीव बावरला, हवा कमी पडली, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी हा रस रक्तात सोडतात. "म्हणजे पोटातलं पिल्लूसुद्धा घाबरतं?" तिनं विचारलं होतं. "घाबरतं का ते त्यालाच ठाऊक," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "पण रस सोडतं. आणि मावशी, गंमत ऐका. ज्या कोकराला महिनोन् महिने हवा कमी मिळाली, त्याचा रोजचा रस इतरांइतकाच असतो. मेंदू वरून ओरडत असतो, सोड, सोड. ग्रंथी कानात बोळे घालून बसलेली. अगदी शहाण्यासारखी. पण एखाद्या दिवशी अचानक अर्धा तास हवा आणखी कमी करा. साध्या कोकराचा रस वाढतो, आणि ह्याचा उसळतो. दुप्पट." गंमत ऐका म्हणे. त्या दिवशी घरी जाताना ती बसनं दोन थांबे पुढे गेली आणि परत चालत आली.

कारण तिचा थोरला असाच होता. उद्वाहनं दुरुस्त करायचा तो, उंच इमारतींतल्या लिफ्टा. अंधाऱ्या खोल बोळात तारेला लोंबकळून काम करताना त्याच्या कपाळावर घाम येत नाही असं त्याचे सोबती सांगायचे. घरी आठ-आठ दिवस शब्द नाही, तक्रार नाही, समोर येईल ते खाणार, भांडं धुऊन ठेवणार. शेजारीण म्हणायची, किती शांत हो तुमचा मुलगा. आणि मग एखाद्या संध्याकाळी पातेल्यावरचं झाकण हातातून निसटून फरशीवर पडायचं, आणि तो उठायचा. फक्त झाकण पडलेलं असायचं. पण त्याचा चेहरा पांढरा पडायचा, ओठ निळसर, आणि जे हाताला लागेल ते भिंतीवर. एकदा खुर्ची. एकदा काचेचं दार, मग हाताला अकरा टाके. नंतर तो तासभर पलंगाच्या कडेला बसून राहायचा, दुसऱ्याच कुणी तरी केलंय आणि आपण बघायला आलोय असा. सुनेनं घरातली सगळी झाकणं कापडात गुंडाळून ठेवली होती. "आई, मी तुमच्याशी भांडत नाही," सून एकदा म्हणाली होती, "पण हा असा का, एवढं एक सांगा. लहानपणी काही झालं होतं का?" "लहानपणी काही झालं नाही," तिनं ठणकावून सांगितलं होतं, "माझ्या घरात कुणाच्या अंगाला बोट लागलं नाही. तू तुझं चालव." घर तिच्या शब्दावर चालायचं. कुणी किती वाजता उठायचं, कुठली खिडकी उघडी राहील, कुणाच्या लग्नाला जायचं नि कुणाच्या नाही. तिच्या जिभेला घरात सगळे कातर म्हणायचे आणि तिला त्याचा अभिमान होता. पण सुनेचा तो प्रश्न कातरीनं कापला गेला नाही. लहानपणी काही झालं नव्हतं, हे खरंच. जे झालं ते त्याआधी.

तेव्हा ती वीस वर्षांची होती, कपडे धुण्याच्या कारखान्यात तळघरात इस्त्री करायची. कोळशाच्या इस्त्र्या, चार शेगड्या, आणि रस्त्याच्या पातळीला एकच खिडकी. खिडकी उघडली की वाऱ्यानं राख उडायची आणि इस्पितळाच्या पांढऱ्या चादरींवर बसायची. म्हणून खिडकी बंद. मालकानं सांगितलेलं नव्हतं. तो तर म्हणायचा, बाई, मधूनमधून उघडत जा. तीच बंद ठेवायची. एक डाग नाही. शेजारच्या टेबलावरच्या बायकांच्या चादरी परत यायच्या, तिची एकही नाही. नऊ महिने डोकं ठणकायचं, गुडघ्यातून जीव गेल्यासारखं व्हायचं, कधी भिंत धरून बसावं लागायचं, मग परत उठायचं. पोटातलं पोर मात्र शहाणं. लाथ मारणं नाही, धुसफुस नाही. "किती समजूतदार," ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, "अजून जन्मला नाही तर आईची दगदग कळते." आणि मग दुपारच्या सुटीत, बायका वर जेवायला गेल्या असताना, चादरींच्या गठ्ठ्यावर तो जन्मला. निळा. नाळ तिनंच कापली, तोंडात बोट घालून घसा तिनंच साफ केला, पालथा धरून पाठीवर तिनंच चापट्या मारल्या, किती मारल्या ते आठवत नाही, तेव्हा कुठे तो रडला. बायका खाली आल्या, मालक आला, मागून सासू आली. सासूनं पहिलं काय विचारलं तर, "खोलीत कोण होतं?" आणि ती म्हणाली, "कोणी नव्हतं."

आता इथं संस्थेत त्या दोन बिघडलेल्या आकड्यांपायी तीन आठवडे नुसता शिमगा चालला होता. आधी रस मोजायच्या औषधाच्या बाटल्या खराब निघाल्या म्हणून नव्या मागवल्या. त्याही तेच सांगायला लागल्या. मग यंत्र उघडून पाहायला माणूस आला, त्यानं यंत्र उघडलं, बंद केलं, चहा घेतला, गेला. मग काडीनं तेच नमुने चौथ्यांदा मोजले आणि डॉक्टरबाई त्याच्यावर कधी नव्हे त्या कडाडल्या. तीन वर्षांचं काम, सव्वीस मेंढ्या, सगळ्यांची कोकरं एकमुखानं सांगतात की आम्ही निमूट आहोत. आणि या दोघी मध्येच उठून म्हणतात की छे, आमचा रस चाचणीच्या आधीपासूनच चढलेला होता. त्या दोघींना वगळायचं तर कारण द्यायला हवं. कारण शोधता शोधता सगळ्यांची बोटं बदलीवाल्या म्हाताऱ्याकडे वळली. तिच्या जागी नऊ दिवस तोच होता. खोकतो तो. त्याच्या खोकल्यानं मेंढ्या बिचकल्या असणार. शुक्रवारपासून त्याला कामावर घ्यायचं नाही असं कारकुनानं सांगूनही टाकलं.

ती म्हाताऱ्याला फारसं विचारत नसे. तो गव्हाण पुसताना कोपरे सोडायचा. पण बुधवारी तो नळापाशी पिशवीत आपलं सामान भरत होता तेव्हा ती तिथं गेली. "काय रे बाबा, खोकलास का?" "खोकलो की. पण बाहेर," तो म्हणाला. "मी आत पाऊलसुद्धा ठेवलं नाही. नऊला चारा टाकायचा, दार ओढायचं, अर्धा तास बाहेर बसायचं. कागदावर लिहिलंय तसं. शिकलेली माणसं लिहितात ते काही तरी विचार करूनच लिहीत असतील ना?" "कागदावर काय लिहिलंय?" म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं त्या कागदावर खुणा करणारी बाई विचारते काय लिहिलंय! पण तो भला होता. त्यानं खिशातून एक चुरगळलेला कोरा कागद काढला आणि बोट फिरवत वाचून दाखवला. चारा किती. पाणी किती. आणि सगळ्यात खाली: नमुना घेताना खोलीत कोणी हजर होते का? हो, नाही. असल्यास कोण? पुढे एक रेघ. "मी आत नव्हतो, म्हणून नाही," तो म्हणाला. "आणि तू आत असतास तर?" "तर हो. मी काय भूत आहे?"

पाण्याचा नळ वाहत होता तो तिनं बंद केला. म्हातारा पिशवी उचलून गेला आणि ती तिथल्या ओल्या कट्ट्यावर बसून राहिली, परकर भिजला तरी. तीन वर्षं. चाचणीच्या प्रत्येक सकाळी ती चारा टाकायची, दार ओढून घ्यायची आणि आत राहायची. कोपऱ्यात उलटी बादली, त्यावर बसायची. हा तिचा स्वतःचा शिरस्ता. फार पूर्वी, डॉक्टरबाईंच्या आधीच्या साहेबांच्या वेळेला, हवा कमी केल्यावर एका मेंढीचा पाय गजात अडकला होता आणि भिंतीपलीकडे कुणाला कळलंच नाही. तेव्हापासून ती एकीलाही एकटं सोडत नव्हती. बसून काय करायची? ओंजळभर लोकर घेऊन त्यातली कुसळं वेचायची. आणि बडबडायची, हळू, वायूच्या यंत्राच्या घरघरीत मिसळून जाईल इतपत. सुनेच्या तक्रारी, भाजीवाल्याचा उर्मटपणा. मेंढ्या ऐकायच्या. हवा कमी व्हायला लागली की त्यांच्या नाकपुड्या फुलायच्या, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा, मग त्या तिच्याकडे बघायच्या आणि रवंथ करायला लागायच्या. अर्धा तास संपला की ती पुन्हा आत गेली असेल असं धरून काडी दाराच्या फटीतून कागद सरकवायचा. पहिल्या दिवशी त्यानंच शेवटची ओळ वाचून दाखवली होती: कुणी आत आलं असेल तर इथं, नसेल तर इथं. तिनं विचार करून पाहिलं होतं. कोण आलं होतं? कुणीच नाही. तिनं खूण केली होती. सव्वीस वेळा केली होती. आणि पाय मुरगळला तेव्हाच्या दोन मेंढ्या, त्या बिचाऱ्या, त्या दिवशी पहिल्यांदा खरोखरच एकट्या होत्या.

घरी त्या संध्याकाळी ती जेवली नाही. थोरला आला, जेवला, भांडं धुतलं, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन तारांचं वेटोळं नीट करत बसला. त्याच्या कानामागची शीर तिला स्वयंपाकघरातून दिसत होती. चौतीस वर्षं तिनं स्वतःशी एक धरून ठेवलं होतं, कुणाला न सांगता: खिडकी मी बंद ठेवली. डॉक्टरबाईंच्या त्या गमतीनंतर तर त्याला कुलूपच लागलं होतं. हवा कमी पडली, पोर निमूट झालं, आता आयुष्यभर झाकण पडलं की उसळणार. आणि हवा कुणी कमी केली, तर चादरीवर डाग पडू नये म्हणून तिनं. पण आता, म्हाताऱ्याचं ते भूत ऐकल्यावर, कुलपात किल्ली फिरल्यासारखं काही तरी हललं. ती सव्वीस कोकरं निमूट होती ती हवा कमी म्हणून, की त्यांच्या आयांजवळ कोणी तरी बसलेलं होतं म्हणून? आणि हे जर डॉक्टरबाईंना ठाऊक नाही, तर कुणालाच ठाऊक नाही. थोरल्याला झालं ते हवेनं झालं, की तळघरात तिच्याजवळ कुणी नव्हतं म्हणून? हवा तिच्या हातात होती. दुसरं तिच्या हातात नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणारी जगात एकच जागा होती आणि तिथं तिनं स्वतःच्या हातानं सव्वीस वेळा सगळं एकात एक कालवून ठेवलं होतं. तिला स्वतःचाच इतका राग आला की हातातलं झाकण तिनं आपटलंच असतं. तिनं ते कापडात गुंडाळलं. "आई, काय झालं?" सुनेनं विचारलं. "काही नाही. तुझा प्रश्न आठवला." "कुठला?" "अजून उत्तर यायचंय," ती म्हणाली.

गुरुवारी ती डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली आणि बस म्हणायच्या आत बसली. "त्या म्हाताऱ्याला काढू नका. त्यानं काही केलं नाही. जे केलं ते मी." आणि तिनं सांगितलं, बादली, लोकर, बडबड, सगळं. डॉक्टरबाईंनी लेखणी खाली ठेवली. काडी दारात उभा होता, त्याचा चष्मा हातातच राहिला. "किती मेंढ्यांना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "सगळ्यांना. सव्वीस." "आणि कागदावर?" "नाही, अशी खूण." मग डॉक्टरबाईंनी मोठा श्वास घेतला आणि त्या चक्क हसल्या. थकलेलं, पण बरं वाटल्यासारखं हसू. "मावशी, तुम्ही मला घाबरवलंत. अहो, तुम्ही काय परक्या आहात का? तुम्ही रोजच्याच. मेंढ्यांना गव्हाण तशा तुम्ही, भिंत तशा तुम्ही. तुम्हाला हिशेबात धरायचं काही कारणच नाही. उलट झालं हे बरंच झालं, ते दोन आकडे का बिघडले ते कळलं. त्या दोन काढून टाकू. म्हाताऱ्याला राहू देत." आणि त्यांनी लेखणी उचलली.

राहू देत. एवढ्यावर ती उठायला हवी होती. काम झालं होतं. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे मी असले काय नि नसले काय," ती म्हणाली. "तसं नाही हो मावशी..." "तसंच आहे. मी नव्हते तर दोन मेंढ्या घाबरल्या, असं तुमचंच यंत्र सांगतंय. चार वेळा सांगितलंय त्यानं, या काडीला विचारा. मग मी असताना शांत राहिल्या त्या कुणामुळे? भिंतीमुळे? भिंत नऊ दिवस कुठं गेली नव्हती." काडीच्या तोंडून हसू फुटलं ते त्यानं खोकल्यात लपवलं. डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. "मावशी, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? तुम्हाला धरलं तर तीन वर्षं वाया. कोकरू निमूट राहिलं ते त्याच्या ग्रंथीमुळे, का आई निवांत होती म्हणून, हे मग सांगताच यायचं नाही. सगळं परत." "मग परत करा." "सांगणं सोपं आहे." "सोपं नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज नको तिथं फाटला, त्याचा तिला आणखी राग आला. "मला तेच कळायला हवंय. हवेनं होतं, का एकटं पडल्यानं. मला. तुमच्या पुस्तकाला लागो न लागो." डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, नीट, पहिल्या वर्षी शेजारी बसवलं होतं तसं. पण त्यांनी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की काय, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. "मी विचार करते," त्या म्हणाल्या. शिकलेली माणसं नाही म्हणायचं असलं की असंच म्हणतात.

सोमवारी चाचणी होती. ती नेहमीसारखी आत बसली, लोकर वेचली, बोलली. मेंढी पांढऱ्या पायांची, जरा भित्री. अर्धा तास झाला, फटीतून कागद आला. तिनं चाऱ्याचा आकडा घातला, पाण्याचा घातला, आणि शेवटच्या ओळीवर आली. पेन्सिलीचं टोक बोथट होतं, तरी कागद फाटेल इतकी दाबून तिनं 'हो'वर खूण केली. पुढची रेघ रिकामी होती. दुसरीतली अक्षरं आठवायला तिला वेळ लागला. आधी म. मग उभा दांडा, त्यावरून डोक्यावर टोपी, मागे वळवून आणलेली. कागद परत सरकवला. थोड्या वेळानं काडी दाराशी आला. "मावशी, हे चुकून झालंय का?" "काय?" "हो झालंय." "चुकून नाही." "आणि इथं... इथं फक्त 'मी' लिहिलंय." "मग आणखी कोण होतं?" काडीनं चष्मा पुसला. यावेळी मात्र त्याला वाक्य सापडलं. "आता हा कागद मला वर न्यावाच लागेल," तो म्हणाला. "रेघेवर काही लिहिलेलं असलं तर फाईलला लावल्यावाचून इलाज नाही. नियम आहे." आणि तो जवळजवळ पळतच गेला.

आठवड्यानं डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. गव्हाणीला टेकून उभ्या राहिल्या, आणि अंगातल्या पांढऱ्या कोटाला कुसळं चिकटताहेत तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "घ्या, जिंकलात," त्या म्हणाल्या. "वरून परत करायला सांगितलंय. सोळा मेंढ्या. आठांना तुम्ही आत, आठांना तुम्ही बाहेर. कुणाला कोण ते आपण ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकून." तिनं मान डोलावली. जिंकल्याचं काहीच वाटत नव्हतं. बाहेर, हा शब्द तिनं हिशेबात धरलाच नव्हता. चिठ्ठ्या तिच्यासमोरच काढल्या. सात नंबरच्या गव्हाणीत एक म्हातारी मेंढी होती, मान उंच, सगळ्यांकडे तुच्छतेनं बघणारी. तिला ती सासूबाई म्हणायची, आणि अकरा वर्षांत एवढी लाडकी दुसरी झाली नव्हती. सासूबाईंची चिठ्ठी काडीनं उघडली, वाचली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाहेर."

चाचणीच्या सकाळी तिनं सासूबाईंना लहान खोलीत आणलं, नळ्या नीट लावल्या, कुशीवरून हात फिरवला. आत कोकरू होतं, हाताखाली गाठीसारखं, निमूट. किती समजूतदार, असं तिच्या ओठावर आलं, ते तिनं गिळलं. चारा टाकला. बादली उचलली आणि बाहेर घेऊन आली. दार ओढलं. बाहेरच्या बोळात उलट्या बादलीवर बसली. हातांना लोकर नव्हती, तोंडाला मेंढी नव्हती. यंत्राची घरघर बदलली, म्हणजे हवा कमी झाली. आता नाकपुड्या फुलल्या असतील. आता डोळ्यांचा पांढरा भाग. आता ती कोपऱ्याकडे बघत असेल. दार चार पावलांवर होतं, नुसतं ओढलेलं, कडी न लावलेलं. बोटानं ढकललं तरी उघडलं असतं, तळघरातल्या त्या खिडकीसारखं. एकदा सासूबाई ओरडल्या. छोटंसंच, विचारल्यासारखं. ती उठली. उभी राहिली. हाताची नखं तळव्यात रुतली, आणि तिनं मनात म्हटलं, सोस बाई, एकदाच सोस. नाही तर मला कधीच कळायचं नाही. दुसऱ्यांदा आवाज आला नाही. शांत. तिनं कुणापेक्षाही चांगलं ओळखलं की ही शांतता रवंथाची नाही.

अर्धा तास संपला तेव्हा काडीनं कागद तिच्या हातात दिला. आता फटीतून सरकवायची गरज नव्हती. तिनं चाऱ्याचा आकडा घातला, पाण्याचा घातला, शेवटच्या ओळीवर आली. नमुना घेताना खोलीत कोणी हजर होते का? पेन्सिल त्या दोन चौकटींवर थोडी थांबली. मग तिनं नाहीवर खूण केली. पहिल्यांदाच ती खरी होती. रेघ रिकामी सोडून कागद परत दिला, आणि काडीनं काही विचारायच्या आत दार ढकलून ती आत गेली.